मे महिन्यातली होडी, ऑक्टोबरातली ग्रामसभा

गणपती आटोपले आणि चार दिवसांत पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, येत्या मे महिन्यात आम्ही दोन कुटुंबे येतो आहोत. पोरं धरून आठ माणसं. पण तो किल्ला, ते स्कुबा, ती केळ्यासारखी लांबडी रबरी होडी, असलं काही नको. आठ दिवस खाडीतून होडीने सावकाश फिरायचं. रोज थोडं पुढे जायचं, एखाद्या गावी उतरायचं, जेवायचं, झोपायचं. तेवढा बेत आखून ठेवा."

मी म्हटले, यात काय मोठे? कर्ली खाडी आपल्या दाराशी. देवबागच्या संगमापासून नेरूरपारच्या पुलापर्यंत पाणीच पाणी. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तासाभराने कागद तसाच कोरा. पाणी आहे, होड्या आहेत, काठावर गावे आहेत, गावात सुगरणी आहेत. पण होडीतून गावात पाऊल टाकायला धड पायरी नाही, आणि पाऊल टाकलेच तर पाहुण्याला "या, बसा" म्हणायला कोणाची नेमणूक नाही. बेत अडला तो इथे. आणि तो एकट्या माझ्या पुतण्याचा अडलेला नाही, आपणा सगळ्यांचाच अडलेला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

पाण्याला विचारून निघावे

कोरा कागद घेऊन मी उठलो आणि ओळखीच्या एका जुन्या तांडेलाकडे गेलो. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. मी म्हटले, "आबा, सकाळी नवाला होडी सोडायची, बाराला परत. कसं?" आबा हसले. "खाडी काय एसटी आसा? तुझ्या टायमार सुटाक? आधी तिथी सांग."

मग त्यांनी बापजाद्यांपासूनचा हिशेब सांगितला. तो आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल, पण नव्या पिढीसाठी पुन्हा लिहितो. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती किती वाजता पुरी होणार ते कळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. दशमी असेल तर साडेसात. द्वादशी असेल तर नऊ. एकदा सकाळी, पुन्हा साधारण साडेबारा तासांनी रात्री. रोज भरती पाऊण तासाहून जरा जास्तच पुढे सरकते. हा हिशेब ढोबळ आहे. खाडीच्या तोंडाशी पाणी थोडे आधी भरते, आत वालावल-काळशाकडे थोडे मागाहून. पण घड्याळ नसलेल्या काळात याच हिशेबावर माणसे आणि माल ये-जा करीत होता.

आता हा हिशेब मे महिन्याला लावून पाहा. उन्हाळ्यात सकाळी पाणी शांत असते. रात्रीचा मतलई वारा ओसरत आलेला असतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि संगमाकडच्या उघड्या पाण्यात लाटा उठू लागतात. तेव्हा पोराबाळांना घेऊन फिरण्याची वेळ सकाळची. दशमीपासून चतुर्दशीपर्यंत भरती सकाळी साडेसात ते साडेदहाच्या दरम्यान पुरी होते. म्हणजे पहाटे उजाडता निघायचे, भरतीबरोबर वर चढायचे, गावात उतरून न्याहारी करायची आणि ओहोटीबरोबर उन्हाच्या आत खाली यायचे. वल्ह्याला निम्मे श्रम. असे सोयीचे दिवस शुद्ध पक्षात पाच आणि वद्य पक्षात पाच. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस. त्या दिवसांत पाणी कमी चढते, वरच्या उथळ भागात होडी टेकते. तेव्हा तोंडाजवळच फिरावे.

गंमत अशी, की ही सगळी विद्या आपल्या घरात आहे. पाहुणा मात्र आठवड्याचा शनिवार-रविवार पाहून येतो आणि आपणही त्याला तिथी न सांगता शनिवार-रविवारीच बोलावतो.

दोन वर्षांपूर्वीची दुपार

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका खाडीत मी स्वतः अशा होडीत बसलो होतो. मे महिना, दुपारचे दोन. होडीत किती माणसे आहेत हे कोणी मोजले नाही. मी मोजली, एकोणीस. जॅकेटे होती, पण ती बाकाखाली कोंबलेली. ओहोटी लागलेली. होडीवाला पोरगा वीस-बावीसचा. "एकच फेरी, लगेच परत," म्हणाला आणि निघाला. अर्ध्या वाटेत होडी वाळूच्या दांड्यावर बसली. दीड तास आम्ही उन्हात. पोरे रडकुंडीला आलेली, प्यायचे पाणी संपलेले. पुढे दुसरी होडी आली तेव्हा सुटका झाली.

मी त्या पोराला दोष देत नाही. त्याला हंगाम संपायच्या आत आणखी चार फेऱ्या मारायच्या होत्या, कर्जाचा हप्ता भरायचा होता. त्याला भरतीची वेळ सांगणारा फलक धक्क्यावर नव्हता, माणसे मोजणारा कोणी नव्हता आणि "आता बस कर" म्हणणारे गावही नव्हते. आमचा तो दीड तासच गेला. काहींचे प्राण गेले आहेत.

२४ मे २०२२ ला तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. तारीख पाहा, हंगामाचा शेवटचा आठवडा. ७ मे २०२३ ला केरळात तानूरला, मासेमारीची होडी बदलून केलेली पर्यटक बोट भरमसाट माणसे घेऊन उलटली. २२ जण गेले, त्यांत लहान मुले किती तरी. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्या बंदरात प्रवासी बोटीवर वेगात आलेली नौदलाची बोट आदळली आणि डझनाहून जास्त माणसे बुडाली. तीन ठिकाणे, कारणे वेगवेगळी. पण पाण्यावर वेग, गर्दी आणि बेफिकिरी यांतले काहीही एक जास्त झाले की काय होते, ते तिन्हीकडे दिसले.

आपल्या वाडवडिलांना हे कळत होते. मुंबईहून कोकणात येणारी आगबोट पावसाळ्यात बंद असे. मालवणला बोट बाहेर उभी राही आणि पडावातून माणसे किनाऱ्याला येत. दर्याला नारळ दिल्याशिवाय कोणी होडी लोटीत नसे. आज पावसाळा तोंडावर आला तरी "सीझन आहे तोवर" म्हणून आपण होड्या लोटतो.

वेगाचा पैसा आणि संथ पैसा

आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहू. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून किनारा फुलला, हे खरे. तारकर्ली-देवबागच्या लोकांनी घरात खोल्या काढल्या, संसार सुधारले, त्यांचे कौतुकच आहे. पण पुळणीपासून आत वळलो की काय दिसते? खाडीच्या दोन्ही काठांच्या गावांत मे महिन्यात शुकशुकाट. चेंदवण, कवठी, वालावल, देवली, काळसे या गावांपुढून पाणी जाते, पाहुणा जात नाही. गेलाच तर इंजिनाच्या होडीतून भर्रकन जातो आणि मागे लाट ठेवतो.

ती लाट साधी नाही. खाजणात भात करणाऱ्याला विचारा. वेगाने जाणाऱ्या होडीची लाट बांधाला सारखी थडकत राहिली की माती सुटते, आधी ढेकूळ, मग भगदाड. बांध एकदा फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि ती जमीन पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे जावे लागतात. ओहोटीला मुळे-तिसऱ्या वेचणाऱ्या बायका, पाग टाकणारे, जाळी लावणारे, या सर्वांच्या पोटावर तो वेग पाय देतो. फायदा एकाचा आणि बांध मात्र सगळ्यांचा, असा हा व्यवहार.

संथ होडीचा हिशेब वेगळा. समजण्यापुरते धरू, की आठ माणसे वल्ह्याच्या किंवा लहान इंजिनाच्या दोन होड्यांतून सकाळी निघाली. दोन्ही होड्यांवरच्या माणसांचा रोज सुटला. पहिल्या गावी आठ शहाळी गेली. दुसऱ्या गावी घावणे, शिरवाळे-रस, सोलकढी. तिथे आठ ताटे जेवण. निघताना कोणी आंब्याची पेटी घेतली, कोणी काजूगर, कोणी आगळाची बाटली. आंबा बागेतून थेट खाणाऱ्याच्या हातात, मध्ये दलाल नाही, गाडीभाडे नाही. रात्री मुक्काम. म्हणजे एका दिवसात आठ-दहा घरांत थोडा थोडा पैसा गेला. हा पैसा लहान, पण पसरणारा. रबरी होडीच्या दहा मिनिटांत तो एकाच खिशात जातो आणि त्यातलाही बराच पेट्रोलमध्ये जळतो.

हे स्वप्नरंजन नाही. आपल्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या भगिनी २०१७ पासून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. स्वतः वल्ही मारतात. झाड कोणते, त्याची मुळे वर का येतात, पक्षी कोणता, हे स्वतः सांगतात. कालपर्यंत ज्याला आपण चिखल म्हणत होतो, तो पाहायला लोक पैसे मोजून येतात. या भगिनींना जे जमले, ते कर्लीकाठच्या गावांना का जमू नये?

पाहण्यासारखे आपल्याकडे काय कमी आहे? देवबागला एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. पलीकडे कोरजाई आणि भोगवे. वर वालावलला लक्ष्मीनारायणाचे मंदिर आणि त्याला लागून तळी. काळशाहून जवळच धामापूरचा तलाव. १५३० सालचा हा तलाव अजूनही शेतीला पाणी देतो आणि २०२० साली त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. शहरातल्या पोराला पाटाचे पाणी, खारबंधारा आणि भरती एकाच दिवशी दाखवता येईल अशी जागा शोधून सापडणार नाही.

शंका रास्त आहेत

हे मी एका गावच्या पारावर बोललो, तेव्हा दोन शंका निघाल्या. पहिली अशी, की मे महिन्यात आंबा उतरायचा, पेट्या भरायच्या, पावसाची बेगमी करायची, मग पाहुण्यांकडे कोण बघणार? शंका बरोबर आहे. म्हणूनच पाळी लावायची. एका वाडीने आठवड्यातले दोन दिवस घ्यावेत, दुसरीने दुसरे दोन. रोज सगळ्या गावाने चूल पेटवायची नाही. आणि हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून धरला, तर सगळा भार मे महिन्यावर येत नाही.

दुसरी शंका एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने काढली. "आज होडी येता, उद्या जमनीक गिऱ्हाईक येता." ही शंका मला जास्त बोचली. कारण किनाऱ्यावर ते झाले आहे. पण विचार करा, मोठ्या हॉटेलाला जमीन लागते, संथ होडीला पायरी आणि पडवी पुरते. खाडीकाठची जमीन विकून जो पैसा एकदा येतो, तो पायरी सांभाळून दरवर्षी येऊ शकतो. घर आपले, होडी आपली, जेवण आपले, तर बाहेरच्याला आत शिरायला जागाच कमी. केरळात भाताची वाहतूक करणाऱ्या जुन्या होड्यांच्या हाऊसबोटी झाल्या. लोकांना रोजगार मिळाला, पण पुढे संख्या इतकी वाढली की वेंबनाडच्या पाण्यात डिझेल आणि मैला यांचीच काळजी करायची वेळ आली. किती होड्या आणि कुठपर्यंत, हे आधी ठरवले नाही की असे होते. आपण आधी ठरवू शकतो, कारण आपल्याकडे अजून गर्दी झालेली नाही.

ग्रामसभेने काय करावे?

उन्हाळ्याचे नियोजन उन्हाळ्यात होत नसते. येत्या २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. त्यानंतर पुढच्या वर्षाचा विकास आराखडा तयार होऊ लागतो. होडीचा विषय त्या दिवशी विषयपत्रिकेवर आला तरच मे महिन्यात पायरी दिसेल. सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले कालपर्यंतचे ग्रामसेवक) यांच्यापुढे काही सूचना ठेवतो.

१. प्रत्येक गावाने उतरण्याची एकच जागा ठरवावी. पूल होण्याआधी जिथे तर लागत असे, ती जुनी जागा बहुधा सर्वांत सोयीची असते. तिथल्या पायऱ्या दुरुस्त कराव्यात. कांदळवनाची एक फांदीही तोडू नये. कायदा कडक आहे, आणि काठ धरून ठेवणारी झाडे तीच. किनारा नियमनाची परवानगी कुठे लागते ते आधी विचारावे, काम झाल्यावर नव्हे.

२. त्या जागेवर एक फळा लावावा. आजची तिथी, भरती-ओहोटीची वेळ आणि होडी किती वाजेपर्यंत सुटेल, एवढे रोज लिहावे. शाळा सुरू असेतो हे काम वरच्या वर्गातल्या मुलांनी करावे. त्यांचाही पाऊणपटीचा पाढा पक्का होईल.

३. गावातल्या होड्यांची वही ठेवावी. परवाना आहे का, तपासणी झाली का, क्षमता किती, जॅकेटे किती. होडीला परवाना देण्याचा अधिकार सागरी मंडळाचा आहे, ग्रामपंचायतीचा नाही. पण ज्या होडीकडे परवाना नाही तिला आपल्या पायरीवर पाहुणा चढू द्यायचा नाही, एवढे तर गाव ठरवू शकते. मासेमारीच्या होडीत चार खुर्च्या टाकल्या म्हणजे ती प्रवासी होडी होत नाही.

४. जॅकेट अंगात घातल्याशिवाय दोर सोडायचा नाही. पाहुणा कितीही मोठा असो, "आम्हाला पोहता येतं" म्हणो. हा नियम तांडेलाने मोडला तर त्याची पाळी आठ दिवस बंद.

५. बांध, जाळी आणि मुळे वेचणाऱ्या बायका दिसल्या की इंजिन मंद. वेगाची मर्यादा घालावी म्हणून सागरी मंडळाच्या बंदर निरीक्षकांना ठराव पाठवावा. ठरावाची वाट न पाहता होडीवाल्यांनी आपसांतही ठरवावे.

६. पायरीजवळ एक स्वच्छतागृह, प्यायचे पाणी आणि सावली असावी. होडीतला कचरा होडीतच परत न्यायचा. खाडीत टाकलेली बाटली ओहोटीने जाते आणि भरतीने आपल्याच खाजणात परत येते.

७. हंगाम बंद करण्याची तारीख गावाने स्वतः ठरवावी. सरकारी बंदी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लागते. आपण २० मे धरावी. धूळपेरणीची घाईही त्याच सुमारास असते. होडीवर ताडपत्री पडली की नांगराला माणूस मोकळा.

८. आणि सर्वांत महत्त्वाचे. ही खाडी तीन तालुक्यांत वाटलेली आहे. एका काठाला मालवण, दुसऱ्याला वेंगुर्ले आणि कुडाळ. प्रत्येक ग्रामपंचायत आपल्याच काठाकडे पाहते. पाण्याला तालुका नसतो. तेव्हा काठावरच्या सर्व गावांची मिळून एक खाडी समिती हवी. दर एक, नियम एक, होड्यांची संख्या एकत्र ठरवलेली. नाहीतर या गावाने अडवलेली होडी समोरच्या गावातून सुटेल.

यातल्या बहुतेक गोष्टींना फार पैसा लागत नाही. फळा, वही, पाळी, ठराव यांना तर नाहीच. पायऱ्या आणि स्वच्छतागृह आराखड्यात बसू शकते. घरी पाहुणे ठेवायचे असतील तर निवास-न्याहारी योजना आहे, शेती दाखवायची असेल तर २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. कागद आहेत. ते उघडून वाचणारा माणूस गावात हवा.

पुतण्याला मी परवा कळवले. आठ दिवसांचा बेत जमत नाही, चार दिवसांचा जमतो. आबांनी वैशाखातले शुद्ध दशमी ते त्रयोदशी हे दिवस काढून दिले आहेत. दोन दिवस तोंडाकडे, एक दिवस वालावलला, एक दिवस काळशाहून धामापूरला. मुक्काम ओळखीच्या घरी, कारण दुसरी सोय नाही. वालावलच्या पुढे होडी लागेल तिथे चिखलातून उतरावे लागेल, जुन्या चपला आणा, हेही लिहिले.

त्याने विचारले, "उरलेल्या चार दिवसांचं काय, काका?"

मी म्हटले, ते चार दिवस ग्रामसभेच्या हातात आहेत. २ ऑक्टोबर झाला की कळवतो.